बाळाचं कॅलेंडर, पलटणीचं कॅलेंडर

आज बोलायचं आहे फौजीच्या घरातल्या तान्ह्या बाळाविषयी. म्हणजे खरं तर त्याच्या आईबापांविषयी. बाळाला काय, ते पहाटे पाचला उठतंच, मग ती पंजाबातली छावणी असो नाहीतर साताऱ्याजवळचं गाव असो.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे मिस्टर सैन्यात आहेत आणि आमचं बाळ आता सव्वा वर्षाचं आहे. युनिटचं आणि स्टेशनचं नाव मी घेणार नाही, त्यांचा वर्दीतला फोटोही दाखवणार नाही. हा नखरा नाही. जुलै २०२० मध्ये सैन्याने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती. सांगितलं जवानांना, पण काळजी घरच्यांनीही घ्यायची असते. बारशाच्या फोटोखाली 'बाबा सध्या अमुक पोस्टवर' असं मावशीने लिहिलं की झालं. सीमेवरचा नियम पाळणं सोपं असतं. मावशीला समजावणं अवघड.

गावी गेलं की लोक विचारतात, नवरा जवळ नसतो, कसं गं निभावतेस? त्यांना वाटतं, अंतर ही अडचण आहे. अंतराची सवय होते हो. खरा घोळ होतो तो तारखांचा. बाळाचं स्वतःचं एक कॅलेंडर असतं: एकविसावा दिवस, सव्वा महिना, दीड महिन्याची लस, सहाव्या महिन्याचं उष्टावण, आठव्या महिन्यातलं रडणं. ते कुणासाठी थांबत नाही. पलटणीचं दुसरं कॅलेंडर असतं: पीस, फील्ड, एक्सरसाइझ, छुट्टी, पोस्टिंग. तेही थांबत नाही. नव्या माणसांसाठी सांगते, पीस म्हणजे जिथे कुटुंब सोबत ठेवता येतं ती जागा, फील्ड म्हणजे जिथे ठेवता येत नाही ती. साधारण दोन-तीन वर्षांनी पान उलटतं. ही दोन कॅलेंडरं शेजारी ठेवायची आणि कुठे काय आपटणार आहे ते आधी बघायचं. बहुतेक फौजी घरात हे काम बायकोकडे येतं.

पहिली आपटाआपटी छुट्टीची. जवानाला आणि जेसीओ साहेबांना वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल. ऐकायला नव्वद दिवस वाटतात. पण कॅज्युअल आणि ॲन्युअल एकमेकांना जोडून घेता येत नाहीत, आणि छुट्टी मंजूर होते ती पलटणीच्या गरजेप्रमाणे. त्यात घरचं लग्न, शेताचा वाद, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्यांचा डोळा त्याच दिवसांवर.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून बहुतेक जण मोठी छुट्टी बाळंतपणासाठीच राखतात. माझं मत जरा उलटं आहे, सासूबाईंना अजून पटलेलं नाही. माहेरी सव्वा महिना आई असते, वहिनी असते, न्हाऊ-माखू घालणारी बाई येते, डिंकाचे लाडू तयार असतात. त्या घरात बाप काय करतो? ओसरीवर बसतो आणि पेढे वाटतो. तेवढ्यासाठी कॅज्युअल पुरे. खरी गरज पुढे लागते, तीन-साडेतीन महिन्यांनी, तुम्ही माहेरहून बाळाला घेऊन क्वार्टरला जाता तेव्हा. तिथे आई नाही, वहिनी नाही, गॅस नव्याने लावायचा आहे आणि बाळ रात्री तीनदा उठतं. मोठी छुट्टी तेव्हा हाताशी असावी. अर्थात बाळंतपणात काही गुंतागुंत असेल तर हा हिशेब बाजूला ठेवायचा, हे काय सांगायला हवं.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण मी इथेच जास्त वेळ घेणार आहे.

बाळ जिथे जन्मलं तिथेच त्याची नोंद होते. वडिलांच्या गावी नाही, आजोळ दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथेही नाही. आपल्याकडे खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. मुदत २१ दिवस. त्यानंतर लेट फी, महिन्यानंतर परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद, वर्षानंतर थेट मॅजिस्ट्रेटच्या आदेशाची गोष्ट. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो, पण कळवलं का हे आपण विचारायचं. बारसं व्हायचं असेल तरी नोंद अडत नाही. नावाशिवाय नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव फी न भरता घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, पुढे मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला लागतो. म्हणून दाखल्यावर पडणारं नाव नीट पडलं पाहिजे.

आणि मराठी माणसाचं नाव महाराष्ट्राबाहेर नीट पडत नाही. 'ज्ञ' आपण इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो, उत्तरेत जी-वाय लिहितात. एकच ज्ञानेश्वरी दोन कागदांवर दोन मुली होऊन बसते. 'ळ' तर हिंदी कागदावर गायबच होतो. श्रावणीचा 'व' कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. त्यात आपल्या बऱ्याच पोरांची भरती शाळेच्या दाखल्यावरून झालेली असते, म्हणजे आडनाव आधी: पाटील संदीप रामचंद्र. आमच्या ओळखीतल्या एका बाळाचा जन्म उत्तरेकडच्या एका दवाखान्यात झाला. तिथल्या बाबूजींनी शेवटचा शब्द तो आडनाव असा सरळ हिशेब केला आणि पोरीला आजोबांचं नाव आडनाव म्हणून चिकटवून दिलं. तो कागद दुरुस्त करून घ्यायला त्या जोडप्याला दोनदा रेल्वेने जावं लागलं, बाळ कडेवर घेऊन. तेव्हा सोपा उपाय: बाळंतपणाला जाताना वडिलांचं, आईचं आणि ठरलं असेल तर बाळाचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमधल्या स्पेलिंगप्रमाणे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्यायचं आणि फॉर्म भरणाऱ्याच्या समोर ठेवायचं.

दाखला हातात आला की त्याची प्रत युनिटला. तिथे बाळाचा 'पार्ट टू' निघतो. पूर्ण नाव पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, घरात जे काही बदललं ते या ऑर्डरने रेकॉर्डवर चढतं. पार्ट टू निघेपर्यंत बाळ तुमच्या मांडीवर असतं, पण फौजेच्या दप्तरात जन्मलेलं नसतं. डिपेंडंट कार्ड, प्रवासाची सवलत, पुढे शाळेचा भत्ता, सगळं तिथून सुरू होतं. आणि ज्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही तेही. नवऱ्याला काही झालं तर बाईला आणि बाळाला काय मिळायचं ते याच कागदांवरून ठरतं. मी अशा घरी बसून आले आहे. दुःखाच्या पंधराव्या दिवशी नावातल्या एका अक्षरासाठी त्या बाईला अर्ज लिहावा लागत होता. म्हणून मी नव्या मुलींना स्पष्टच विचारते, पार्ट टू निघाला का? ग्रुप इन्शुरन्सचं आणि फंडाचं नॉमिनेशन बदललं का? पगाराचं खातं जॉइंट आहे का? ऐकताना अभद्र वाटतं खरं. नवऱ्याला विचारून बघा. तो याच धंद्यात आहे, त्याला तेवढं वाटत नाही.

कागद पुरे झाले. आता दवाखाना.

जवानाची बायको आणि मुलं यांना सैन्याच्या दवाखान्यात उपचार मोफत असतात. युनिटजवळची ती एमआय रूम आणि मोठा तो एमएच, मिलिटरी हॉस्पिटल. महाराष्ट्रात खडकी, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, कामठी इथे एमएच आहे, पुण्यात कमांड हॉस्पिटल, मुंबईत नौदलाचं अश्विनी. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मुलींना बेळगाव जवळ पडतं. पण लातूर, नांदेड किंवा जळगावकडच्या मुलीला माहेरी राहून एमएचला जायचं म्हणजे दिवसाचा प्रवास. तिने नवव्या महिन्यात एमएचचा हट्ट धरू नये असं मला वाटतं. जवळचा चांगला सरकारी दवाखाना बघावा आणि सोबत आपली जुनी फाइल ठेवावी.

लसीचं मात्र सोपं आहे, कारण वेळापत्रक देशभर एकच. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब आणि हिपॅटायटिस-बी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिने. नऊ महिने झाले की गोवर-रुबेला, आणि पुढचे डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. दीड महिन्याची लस गावच्या आरोग्य केंद्रात आणि अडीच महिन्यांची जालंधरच्या एमएचमध्ये, चालतं. मध्ये प्रवासामुळे एखादा डोस लांबला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. फक्त कार्ड हरवू नका. एकच फरक लक्षात ठेवा: जपानी मेंदूज्वराची लस सगळ्या जिल्ह्यांत देत नाहीत, जिथे तो आजार आढळतो तिथेच देतात. पोस्टिंग आसामला किंवा पूर्व उत्तर प्रदेशात झाली की पोचल्यावर आपणच चौकशी करायची, कारण आपल्या कार्डावर तो रकाना रिकामा असू शकतो.

थंडीचं सांगते. कोकणातली किंवा घाटावरची मुलगी पहिल्यांदा पंजाबातला डिसेंबर बघते तेव्हा तिला आईची शेगडी आठवते. बाळाला न्हाऊ घालून शेक, ओव्याची धुरी, आपली सवय. पण माहेरचं घर हवेशीर असतं, कौलांतून वारा खेळतो. क्वार्टरची खिडकी थंडीमुळे गच्च बंद असते. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो. दर हिवाळ्यात उत्तरेकडे यात माणसं झोपेतच जातात. धुरी नको, शेगडी नको. कपड्यांचे दोन थर, डोक्याला टोपडं आणि आईची कूस पुरते. लोकरीचं टोपडं आजीकडून विणून घ्या, कँटीनमध्ये डायपर मिळतं, टोपडं मनासारखं मिळत नाही.

नवरा फील्डला गेला की प्रश्न येतो, गावी जायचं की इथेच राहायचं? काही स्टेशनांवर अशा कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर असतात, सेपरेटेड फॅमिली म्हणून. नंबर लागावा लागतो. गावी घर भरलेलं असतं, बाळाला आजी-आजोबा मिळतात. पण तिथे सून सून असते. बाळाला रात्री ताप आला तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे चार जण ठरवतात. क्वार्टरमध्ये एकटेपणा असतो, पण रात्री दोनला दार वाजवलं तर शेजारची गढवाली भाभी 'क्या हुआ' एवढंच विचारते आणि चपला घालते. तिने स्वतःची दोन मुलं अशीच वाढवलेली असतात. मागे राहिलेल्या पार्टीतले जेसीओ साहेब गाडीची सोय करतात. बायकांची संघटना आहे, आवा, १९६६ सालची. तिच्या बैठकीला सुरुवातीला कंटाळा येतो, पण कुणाचं बाळ किती महिन्यांचं आणि कुणाकडे थर्मामीटर आहे ते तिथेच कळतं. मी राहण्याच्या बाजूची आहे. ज्यांच्या सासरी माया आहे त्यांनी माझं ऐकू नये.

यात बाळाची भाषा हा एक गमतीचा भाग. घरात मराठी, शेजारी हिंदी, वरच्या मजल्यावर मल्याळम. आमच्याकडे पहिला स्पष्ट शब्द आला तो 'आओ'. आजोबा फोनवर दोन दिवस रुसले होते. आता आजी रोज संध्याकाळी फोनवरून चिऊकाऊची गोष्ट सांगते, आणि मराठीचा हिशेब हळूहळू बरोबर होतोय.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. बाप छुट्टीवर येतो, बाळ सात-आठ महिन्यांचं आहे. तो दोन दिवस रेल्वेत काढून आलेला, हातात खुळखुळा. तो हात पुढे करतो आणि बाळ किंचाळून आईच्या पदरात तोंड लपवतं. घरातले हसतात, 'बापाला ओळखलं नाही!' त्याला मात्र लागतं. आमच्याकडे माणूस काही बोलला नाही. दोन दिवस अंगणात मोटारसायकल धूत बसला. ती मोटारसायकल एवढी स्वच्छ कधीच नव्हती.

यात कुणाचाच दोष नाही. साधारण सातव्या-आठव्या महिन्याला बाळाला दोन गोष्टी एकदम कळायला लागतात. ओळखीचा चेहरा कोणता आणि अनोळखी कोणता हे कळतं. आणि आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे हेही कळतं, म्हणून ती गेली की रडू येतं. तिसऱ्या महिन्यात हेच बाळ कुणाकडेही जात होतं, कारण फरक कळत नव्हता. म्हणजे हे रडणं बाळ वाढत असल्याची खूण आहे. फक्त ती खूण नेमकी छुट्टीच्या पहिल्या दिवशी दिसते.

इलाज साधा आहे, पण शिपाईगड्याला जड जातो: चाल करून जायचं नाही. जमिनीवर बसायचं, बाळाच्या उंचीला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. वाटीने ताट वाजवत बसायचं, आईशी बोलत राहायचं. बाळ आधी आवाज ओळखतं, मग रांगत येऊन गुडघ्याला हात लावतं. तेव्हाही उचलायची घाई नको. दोन-तीन दिवसांनी एक काम बापाने आपल्याकडे घ्यायचं, अंघोळ किंवा संध्याकाळची खिचडी, आणि छुट्टीभर तेच काम रोज करायचं. आईने त्या वेळी मध्ये पडायचं नाही. हे आईला बापापेक्षा जड जातं.

फोनचा मोठा आधार आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणते, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो, एवढी सूट त्यातच आहे. मात्र त्याची एक गंमत होते. आमच्याकडे 'बाबा कुठे?' विचारलं की बाळ फोनकडे बोट दाखवायचं, आणि खरे बाबा शेजारीच उभे असायचे. त्याला चार दिवस लागले हे जुळवायला. जिथे नेटवर्क नाही तिथून कॉलही नाही. तेव्हा छुट्टीत असतानाच त्यांच्या आवाजात अंगाई, बाळाचं नाव, शिटी, जे काही असेल ते रेकॉर्ड करून ठेवावं. आणि टपाल विसरू नका. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, एवढ्या पत्त्यावर पत्र कुठल्या कुठे पोचतं. जागेचं नावसुद्धा लिहावं लागत नाही. सैन्याच्या टपाल खात्याचं केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीलाच आहे. कुंकवाच्या पाण्यात बाळाचं पाऊल बुडवून कागदावर उठवायचं आणि पाठवायचं. व्हिडिओ बघून होतो, तो कागद खिशात राहतो.

जाताना मात्र बाळ झोपलेलं बघून गुपचूप निघू नये. गाडी पहाटेची असेल तर आदल्या रात्री सांगावं, टाटा करावा. बाळ रडेल, रडू दे. न सांगता गेलेल्या माणसाला ते दोन दिवस घरभर शोधत फिरतं, ते बघवत नाही.

आतापर्यंत मी बापच वर्दीत आहे असं धरून बोलले. ते आता पूर्ण खरं नाही. मिलिटरी पोलिसात मुली जवान म्हणून आल्या, त्यांची पहिली तुकडी २०२१ च्या मे महिन्यात बेंगळुरूला पास झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मान्य केलं की बाळंतपणाची, बालसंगोपनाची आणि दत्तक मुलासाठीची रजा सैन्यातल्या सगळ्या रँकच्या महिलांना अधिकाऱ्यांसारखीच मिळावी. आई फील्डवर आणि बाळ आजोळी, अशा घराचं कॅलेंडर मी जगलेली नाही, त्यामुळे त्यावर भाषण देत नाही. त्यांच्यापैकी कुणी बोलायला बसलं तर मी ऐकायला पहिल्या रांगेत.

शेवटी सामान, कारण आमच्याकडे पोस्टिंगची हवा आहे. काळ्या ट्रंकेत भांडी, कपडे, पाळणा काहीही जाऊ द्या. जन्मदाखला, पार्ट टूची प्रत, डिपेंडंट कार्ड, लसीचं कार्ड आणि बाळाचं निळं आधार हे आईच्या खांद्यावरच्या पिशवीत. ट्रंक मागाहून मालगाडीने येते आणि कधी येईल ते तिचं तिलाच माहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही, तेव्हा खालचा बर्थ मागा. मोठ्या स्टेशनवर एमसीओचं ऑफिस असतं, गाडी लेट असेल तर बाळाला घेऊन तिथे विचारा, बसायची काहीतरी सोय होते. खिचडीचं पीठ, थर्मास आणि एक जुनी सुती साडी जवळ ठेवा. साडीची झोळी होते, पडदा होतो, अंथरूण होतं. आमची सोळा महिन्यांची लस मात्र नेमकी या हलवाहलवीत येते आहे. एमएचमधल्या सिस्टरना विचारलं तेव्हा त्यांनी कार्डावर तारीख लिहून दिली, पेन्सिलीने.